चित्रफीत-पुनःस्थापन, न्यूरल नेटवर्कद्वारे

चुंबकीय फितीवरचे जुने ॲनालॉग दूरचित्रवाणी चित्रण संगणकावर उतरवून त्यातील दोष न्यूरल नेटवर्कच्या साहाय्याने दूर करण्याची प्रक्रिया. महाराष्ट्रात असा ठेवा 2 ऑक्टोबर 1972 रोजी वरळीहून सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनपासून साठत गेला. फिती महाग असल्याने पुसून पुन्हा वापरल्या जात. त्यामुळे जे वाचले ते मोलाचे आहे. पण सगळा ठेवा दूरदर्शनकडेच नाही. उदाहरणार्थ, वाशीम जिल्ह्यात (स्थापना 1 जुलै 1998, पूर्वी अकोल्याचा भाग) दूरदर्शनचे निर्मितिकेंद्र नाही. इथला ठेवा आहे तो घरोघरच्या व्हीएचएस कॅसेटांत: लग्ने, रामनवमीची पोहरादेवीची यात्रा, टीव्हीवरून टेप केलेले कार्यक्रम.

भारताने स्वीकारलेल्या पाल पद्धतीत 625 रेषा असतात आणि सेकंदाला 25 चित्रे. प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत येते: आधी एकाआड एक रेषा, मग उरलेल्या. आजच्या पडद्यासाठी हे अर्धे भाग नीट जुळवावे लागतात, आणि पडद्यावरच्या मराठी अक्षरांची खरी अडचण इथेच आहे. आडवी, बारीक शिरोरेषा एकाच अर्ध्या भागात सापडली की लुकलुकते. चुकीच्या जुळणीत ती तुटते. बारीक पट्ट्यांच्या लुगड्यावर नसलेले इंद्रधनुषी रंग उमटतात, कारण तेवढी बारीक नक्षी रंगसंकेताच्या वारंवारितेजवळ जाते आणि टीव्ही तिलाच रंग समजतो. व्हीएचएसवर तर आडवा तपशील सुमारे 240 रेषांचाच; रंगाचा त्याहून फार कमी. ओलाव्याने बुरशी, घासल्याने पांढरे ओरखडे, हे वेगळेच.

नेटवर्कला शिकवताना स्वच्छ चित्रे मुद्दाम खराब करून दिली जातात आणि मूळ चित्र ओळखायला लावले जाते. एनएनईडीआय हे साधन गाळलेल्या रेषा भरते. 2021 मधील रिअल-ईएसआरगॅन आणि बेसिकव्हीएसआर चित्र मोठे व स्पष्ट करतात. बेसिकव्हीएसआर शेजारच्या चित्रांतूनही तपशील गोळा करते, म्हणून हलत्या चित्रणाला ते अधिक उपयोगी.

पण फितीवर जे उमटलेच नाही ते नेटवर्क आठवू शकत नाही, रचते. चेहरे सुधारणारे जीएफपीगॅन फ्लिकरवरच्या 70,000 छायाचित्रांवर शिकले आहे. पोहरादेवीच्या यात्रेतल्या बंजारा आजीच्या कपाळावरचे गोंदण त्याला डाग वाटून पुसले जाण्याचा धोका आहे. अनुस्वार आणि मात्राही अशाच हरवू शकतात. यंत्राने घडवलेला चेहरा नातवंडांना आजीचा म्हणून दाखवणे मला चूक वाटते. नेटवर्कची प्रत पाहण्यासाठी ठीक. पुरावा म्हणून मूळ चित्रणच धरावे, आणि सुधारित प्रतीवर तसा उल्लेख असावा.

खरी घाई मात्र नेटवर्कची नाही, व्हीसीआरची आहे. फुनाई या जपानी कंपनीने जुलै 2016 मध्ये व्हीसीआरची निर्मिती थांबवली. तेव्हापासून चालू यंत्रे कमीच होत आहेत. ज्यांच्या कपाटात कॅसेटा आहेत त्यांनी मागची प्लास्टिकची पट्टी मोडून त्यांवर पुन्हा चित्रण होणे रोखावे, बुरशी दिसल्यास साफ केल्याशिवाय कॅसेट लावू नये आणि कोणतीही सुधारणा न करता पहिली प्रत काढून ठेवावी. नंतर मूळ कॅसेट टाकून देऊ नये.