चतुःसीमा

निपाणीच्या एखाद्या जुन्या गल्लीत घर विकावयाचे ठरले, म्हणजे गिऱ्हाइकाच्या आधी पेटी शोधली जाते. या पत्र्याच्या पेटीत घरपट्टीच्या पावत्या असतात, सिटी सर्व्हेचा उतारा असतो, वडिलांनी वा आजोबांनी केलेले खरेदीखत असते. आणि तळाशी कधीकधी एखादा मोडी कागदही निघतो, जो घरातल्या कोणालाच वाचता येत नाही. घर तसे बेताचेच. दगडी जोते, मातीत बांधलेल्या भिंती, वर कौले. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे चूल आणि परडे. एका कुटुंबाला पुरेल आणि दोन भावांना अपुरे पडेल, एवढाच त्याचा विस्तार.

इतिहासाच्या पुस्तकात अशा घराला कोण जागा देणार? निपाणी म्हटले की सरलष्कर सिद्धोजीराव निंबाळकर आठवतात. १८३९ साली त्यांचे निधन झाले, पुढे जहागीर इंग्रजांनी खालसा केली, आणि तेथे तो अध्याय मिटतो. परंतु सरदारांचे गाव व्यापाऱ्यांचे गाव कसे झाले, त्यात कोण कोण येऊन राहिले, कोणाच्या भिंतीला कोणाची भिंत लागली, हे समजून घ्यायचे तर त्या पेटीतल्या खरेदीखताकडेच वळावे लागते. त्यातही किंमत, साक्षीदार आणि ठरावीक कलमे यांपेक्षा अधिक बोलका असतो तो चतुःसीमेचा मजकूर. पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस तमक्याची वखार, पश्चिमेस बोळ, उत्तरेस रस्ता, अशा चार ओळींत विकणाऱ्याच्या घरापेक्षा त्याच्या शेजाऱ्यांचीच माहिती अधिक असते.

ही केवळ लेखनिकाची सवय नव्हे. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या एकविसाव्या कलमाने तसे सांगूनच ठेवले आहे. शहरातील घर रस्त्याच्या कोणत्या बाजूस आहे, त्यात आज कोण राहतो, पूर्वी कोण राहत होता, आणि घरांना क्रमांक असल्यास तो कोणता, हे दस्तऐवजात यावे, असा कायद्याचा हेतू. क्रमांक सर्वांत शेवटी, माणसे आधी! सरकारी कायद्याने नकळत गल्लीगल्लीचा इतिहास लिहून घेतला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

निपाणीच्या चतुःसीमेत नावे सरमिसळ दिसतात, याचे मोठे कारण तंबाखू. दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या काठच्या जमिनीत विडीची तंबाखू उत्तम येते. तिचा बाजार निपाणीत भरला आणि बाजाराभोवती वस्ती वाढली. मराठा आणि जैन शेतकरी, लिंगायत व्यापारी, गुजराथेतून आलेले व्यापारी, मुसलमान कारागीर आणि गाडीवान, वखारीत तंबाखू निवडणाऱ्या व विड्या वळणाऱ्या स्त्रिया, असे सारे एका पिकाच्या आधाराने जवळ आले. १९४३ साली तंबाखूवर अबकारी कर बसला. वखारींना परवाने आले, हिशेबनीस आणि अंमलदार आले, आणि त्यांनाही राहावयास घरे लागली. गल्लीत मराठी, कन्नड, दखनी आणि गुजराथी या चारही भाषा कानी पडू लागल्या. माल ज्याचा असेल त्याच्या भाषेत सौदा होई. उखाळ्यापाखाळ्या बहुधा मराठीत.

मात्र हे चित्र रंगविताना एक गोष्ट झाकता येत नाही. ही गल्ली सर्वांसाठी उघडी होती, असे नाही. चतुःसीमेत पुष्कळ जाती दिसतात, पण गावकुसाबाहेरची नावे त्या चार ओळींत येणे दुर्मीळ. १९२५ च्या एप्रिलमध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन निपाणीत भरले. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोदे संस्थानच्या नोकरीत १९१७ साली रुजू झालेल्या याच विद्वानाला त्या शहरात राहावयास घर मिळाले नव्हते. पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून उतरावे लागले, आणि तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. पुढे १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्यात कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, मिळविणे वा त्यात राहणे यांचा स्पष्ट उल्लेख आला. ‘कोणत्याही वस्तीत’ हे शब्द लहान दिसतात. पण निपाणीसारख्या गावी त्यांचा अर्थ सांगण्यासाठी नकाशा लागत नाही.

शेजाऱ्याचा हक्क हाही जुन्या वादाचा विषय. कित्येक प्रांतांत विक्रीला निघालेले घर प्रथम शेजाऱ्याने घ्यावे, परक्याने नंतर, असा हक्कशुफा रूढीने चालत असे. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने केवळ शेजारपणावर आधारलेला हा हक्क राज्यघटनेशी विसंगत ठरविला. उलट २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या बाबतीत, सभासदत्व आपल्याच समाजापुरते राखण्याचा संस्थेचा नियम त्याच न्यायालयाने मान्य केला. गल्लीतल्या सुट्या घराला असल्या संस्थेचा नियम लागू नाही. कोणाला विकावे, हे मालकाने ठरवावयाचे. म्हणूनच “आपल्यातला कोणी आहे का पाहा” हा दलालाला दिलेला हलक्या आवाजातला निरोप एखाद्या नियमाइतकाच परिणामकारक होतो. आणि तो कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. घर जागचे हलले नाही. चतुःसीमा बदलली नाही. बदलली ती कचेरीची भाषा. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे सुचविले होते, पण तो अहवालच महाराष्ट्राने अमान्य केला, आणि गाव होते तेथेच राहिले. १९७३ साली राज्याचे नाव कर्नाटक झाले; २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या काळात सीमेपलीकडे, गावाला लागूनच अर्जुननगरला १९६१ मध्ये देवचंद महाविद्यालय निघाले. राहते घर एका राज्यात आणि मुलांचे महाविद्यालय दुसऱ्या राज्यात, हे निपाणीकरांच्या अंगवळणी पडले.

घराच्या कागदाचे मात्र तसे झाले नाही. नोंदणी कायद्याचे एकोणिसावे कलम म्हणते की, दस्त ज्या भाषेत आहे ती अधिकाऱ्याला समजत नसेल आणि जिल्ह्यात सामान्यतः वापरात नसेल, तरच भाषांतराची अट घालावी. दोन्ही गोष्टी एकदम हव्यात. बेळगाव जिल्ह्यात मराठी वापरात नाही, असे कोणी गंभीरपणे म्हणू शकणार नाही. तरीही व्यवहारात खत बहुधा कन्नडमध्येच लिहिले जाते, आणि विकणारी म्हातारी आपल्या सोप्याचे व परड्याचे वर्णन दुसऱ्याच्या तोंडून ऐकून अंगठा उठविते वा मराठीत सही करते. आजोबांचा कागद मोडीत म्हणून वाचता येत नाही, नातवाचा कन्नडमध्ये म्हणून. मधल्या एकाच पिढीला आपल्या घराचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आला.

अशा वेळी तो वाचून दाखवावयास बहुधा शेजारीच येतो. पूर्वेकडच्या घरातला, कन्नड शाळेत शिकलेला. तो चारही दिशा मराठीत सांगतो, स्वतःचे नाव आले की क्षणभर थांबतो, आणि पुढे वाचतो. मग सह्या होतात. किल्ली नव्या मालकाच्या हाती जाते. आणि पुढे केव्हातरी त्या शेजाऱ्याचे घर विक्रीला निघेल, तेव्हा त्याच्या खतात ‘पश्चिमेस’ या शब्दापुढे हेच नवे नाव लिहिले जाईल.