चालती गाडी भंगारात काढायला सरकार पैसे का देतं? अमेरिकेची 'कॅश फॉर क्लंकर्स' योजना आणि भारतातलं स्क्रॅपेज धोरण

गाडीतलं इंजिन ऑइल पूर्ण काढून टाकायचं. त्याऐवजी सोडियम सिलिकेटचं जवळपास दोन लिटर द्रावण ओतायचं. मग इंजिन सुरू करून रेस द्यायची. उष्णतेने द्रावणातलं पाणी उडून जातं, काचेसारखा थर बेअरिंगमध्ये घट्ट बसतो आणि काही मिनिटांत इंजिन जाम होतं. कायमचं.

२००९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत लाखो गाड्यांची इंजिनं अशीच निकामी करण्यात आली. तीही सरकारी नियमाप्रमाणे. बंद पडलेल्या गाड्या या योजनेत चालतच नव्हत्या. गाडी चालू स्थितीत असणं ही पहिली अट होती.

चालत्या गाड्या मोडण्यासाठी सरकारने पैसे का मोजले? त्यातून काय साधलं? आणि भारतात सध्या सुरू असलेल्या वाहन स्क्रॅपेज धोरणाशी याचा काय संबंध आहे? समजून घेऊया.

योजना नेमकी काय होती?

२००८ च्या आर्थिक मंदीनंतर अमेरिकेत गाड्यांची विक्री कोसळली. जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या दोन मोठ्या कंपन्या २००९ मध्ये दिवाळखोरीत गेल्या. त्याच जून महिन्यात राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी एका कायद्यावर सही केली. त्यातून आलेली योजना 'कॅश फॉर क्लंकर्स' या नावाने ओळखली गेली. क्लंकर म्हणजे खटारा.

जुनी, जास्त पेट्रोल पिणारी गाडी डीलरकडे द्यायची आणि नवीन, चांगल्या मायलेजच्या गाडीवर ३,५०० किंवा ४,५०० डॉलरची सूट घ्यायची, असा हा सौदा होता. ४,५०० डॉलर म्हणजे तेव्हाच्या दराने दोन लाख रुपयांहून थोडे जास्त.

जुन्या गाडीसाठी मुख्य अटी अशा होत्या:

• गाडी २५ वर्षांपेक्षा जुनी नसावी.
• मायलेज गॅलनला १८ मैल किंवा त्याहून कमी असावं, म्हणजे लिटरला साधारण साडेसात किलोमीटर.
• किमान एक वर्ष ती त्याच मालकाच्या नावावर आणि विम्यासह असावी.
• ती चालू स्थितीत असावी.

चालू स्थितीची अट घालण्यामागे कारण होतं. अंगणात वर्षानुवर्षं पडून असलेल्या गाड्या आणून कुणी सूट घेऊ नये आणि रस्त्यावर खरोखर धूर सोडणारी गाडीच कमी व्हावी, हा हेतू होता. तीच गाडी पुन्हा विकली जाऊ नये म्हणून इंजिन मारणं सक्तीचं होतं. दरवाजे, सीट, दिवे असे इतर सुटे भाग विकता येत होते, पण ठरावीक मुदतीत. त्यानंतर सांगाडा क्रशरमध्ये जाणार होता.

प्रतिसाद कसा मिळाला?

अपेक्षेपेक्षा खूपच जास्त. दावे स्वीकारायला २४ जुलै २००९ रोजी सुरुवात झाली आणि १ अब्ज डॉलरचा निधी आठवड्याभरातच संपत आला. संसदेने घाईघाईने आणखी २ अब्ज डॉलर मंजूर केले. २४ ऑगस्टला योजना गुंडाळण्यात आली.

तोपर्यंत सुमारे ६ लाख ७८ हजार जुन्या गाड्या जमा झाल्या आणि त्यासाठी जवळपास २.८५ अब्ज डॉलर खर्च झाले. लोकांनी दिलेल्या गाड्यांत फोर्ड एक्सप्लोररसारख्या मोठ्या एसयूव्ही सर्वांत पुढे होत्या. घेतलेल्या गाड्यांत पहिला नंबर टोयोटा कोरोलाचा लागला.

कागदावर आकडे चांगले दिसत होते. जुन्या गाड्यांचं सरासरी मायलेज १५.८ मैल, तर नव्यांचं २४.९ मैल. म्हणजे ५८ टक्के सुधारणा.

मग टीका का झाली?

पहिला प्रश्न होता, या गाड्या योजनेशिवायही विकल्या गेल्या असत्या का?

अर्थतज्ज्ञ अतिफ मियाँ आणि अमीर सूफी यांनी वेगवेगळ्या शहरांतल्या विक्रीची तुलना केली. त्यांच्या अंदाजानुसार योजनेमुळे सुमारे ३ लाख ७० हजार गाड्या जास्त विकल्या गेल्या. पण पुढच्या काही महिन्यांत विक्री तेवढीच घटली. जे लोक वर्षभरात गाडी घेणारच होते, त्यांनी ती थोडी आधी घेतली, एवढाच फरक पडला.

मार्क होक्स्ट्रा, स्टीव्हन पुलर आणि जेरेमी वेस्ट यांचा अभ्यास त्याहून चक्रावणारा आहे. योजनेत जेमतेम बसलेली आणि थोडक्यात हुकलेली अशा दोन गटांतल्या कुटुंबांची त्यांनी तुलना केली. सूट मिळवण्यासाठी जास्त मायलेजची गाडी घेणं भाग होतं. अशा गाड्या लहान आणि स्वस्त असतात. त्यामुळे लोकांनी नव्या गाड्यांवर एकूण खर्च उलट कमीच केला. ज्या उद्योगाला हात द्यायचा, त्याच्याच गल्ल्यात कमी पैसे आले.

रोजगाराचं काय? २०१३ मध्ये ब्रुकिंग्स संस्थेसाठी टेड गेयर आणि एमिली पार्कर यांनी हिशेब मांडला, तेव्हा निर्माण झालेल्या प्रत्येक रोजगारामागे सरकारला सुमारे १४ लाख डॉलर पडल्याचं दिसलं.

जुन्या गाड्या महागल्या का?

'या योजनेमुळे अमेरिकेत सेकंड हँड गाड्या महाग झाल्या' हा दावा सोशल मीडियावर अधूनमधून फिरत असतो. तो अर्धवट आहे. त्या वेळी अमेरिकेत २४ कोटींहून जास्त वाहनं होती. त्यातून पावणेसात लाख गेल्याने सगळा बाजार हलला, असं म्हणता येत नाही. मंदीत नव्या गाड्याच कमी विकल्या गेल्या, त्यामुळेही पुढे जुन्या गाड्यांची आवक घटली.

पण टीकेचा गाभा खरा आहे. सूट घेण्यासाठी उरलेले पैसे भरून नवीन गाडी घेण्याची ऐपत लागत होती. जिला तिसऱ्या-चौथ्या मालकाची स्वस्त गाडीच परवडते, त्या व्यक्तीच्या हाती या योजनेतून काहीच आलं नाही. उलट तिला घेता आल्या असत्या अशा गाड्याच मोडीत निघाल्या.

पर्यावरणाचा हिशेब कसा करायचा?

नवीन गाडी बनवतानाही पोलाद, प्लास्टिक आणि वीज लागते. ढोबळ हिशेबासाठी एक पेट्रोल गाडी बनवताना ६ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, असं धरूया. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो.

पहिलं उदाहरण अमेरिकेचं. लिटरला ६.७ किलोमीटर देणारी एसयूव्ही देऊन १०.६ किलोमीटर देणारी गाडी घेतली आणि वर्षाला १५ हजार किलोमीटर फिरवली, तर सुमारे ८२० लिटर पेट्रोल वाचतं. म्हणजे वर्षाला १.९ टन कार्बन डायऑक्साइड. नवीन गाडी बनवण्याचं कार्बनचं कर्ज तीन-साडेतीन वर्षांत फिटतं.

दुसरं उदाहरण आपल्याकडचं. लिटरला १५ किलोमीटर देणारी जुनी छोटी गाडी वर्षाला फक्त ५ हजार किलोमीटर फिरते. तिच्या जागी २० किलोमीटर देणारी घेतली, तर वर्षाला ८३ लिटर वाचतात. त्या गतीने ६ टन भरून निघायला तीस वर्षं लागतील.

म्हणजे गाडीच्या वयापेक्षा ती किती फिरते आणि किती पिते, हे जास्त महत्त्वाचं.

अर्थात, कार्बन डायऑक्साइड हा एकच मुद्दा नाही. शहराची हवा बिघडवणारे सूक्ष्म कण ही वेगळी गोष्ट आहे. बीएस-४ डिझेल कारला प्रति किलोमीटर २५ मिलिग्रॅम कणांची मुभा होती, बीएस-६ मध्ये ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. त्यामुळे दिवसभर शहरात फिरणारा जुना डिझेल टेम्पो आणि रविवारी बाहेर निघणारी जुनी पेट्रोल कार यांना एकाच तराजूत तोलता येत नाही.

भारतातलं धोरण वेगळं कसं?

भारताचं राष्ट्रीय स्क्रॅपेज धोरण १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झालं. त्यात सरकार अमेरिकेसारखी थेट रोख देत नाही. अधिकृत केंद्रावर गाडी स्क्रॅप केली की 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं. ते दाखवून नवीन गाडी घेतली की नोंदणी शुल्क माफ होतं. राज्यांना मोटार वाहन करात खासगी गाड्यांसाठी २५ टक्क्यांपर्यंत, तर व्यावसायिक वाहनांसाठी १५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. भंगाराची किंमत नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के मिळावी, असं धोरणात अपेक्षित आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अनेक कार कंपन्यांनी १.५ टक्के किंवा २० हजार रुपये, यांपैकी जी कमी असेल तेवढी सूट द्यायची तयारी दाखवली.

आमिषासोबत दट्ट्याही आहे. १५ वर्षं जुन्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं. २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ते २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आलं. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर पर्यावरण करही भरावा लागतो.

१५ वर्षं झाली की गाडी भंगारातच जाते का?

नाही. हा सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची १५ वर्षांची नोंदणी संपल्यावर आरटीओच्या तपासणीत ती योग्य ठरली, तर नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. निकष गाडीच्या फिटनेसचा आहे.

वयाचा निकष आहे तो सरकारी वाहनांना. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेची विशेष वाहनं वगळता, १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून वाढवली जात नाही. त्यात एसटीसारख्या सरकारी परिवहन महामंडळांच्या बसही आल्या. गाडी किती किलोमीटर फिरली, हे इथे पाहिलं जात नाही.

दिल्लीतही वयच मोजलं गेलं. तिथे १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच न देण्याचा प्रयोग झाला, पण लोकांच्या संतापामुळे तो काही दिवसांत थांबवावा लागला.

गाडी स्क्रॅप करायची असेल तर काय लक्षात ठेवायचं?

• आधी सेकंड हँड बाजारातली किंमत काढा. भंगाराचा भाव, करसवलत आणि कंपनीची सूट यांची बेरीज त्यापेक्षा कमी असेल, तर घाई करू नका.
• फिटनेस तपासणी, नूतनीकरण शुल्क, पर्यावरण कर आणि दुरुस्ती यांचा पुढच्या पाच वर्षांचा खर्च मांडून पाहा.
• स्क्रॅप करायचीच असेल, तर अधिकृत केंद्रावरच करा. गल्लीतल्या भंगारवाल्याला कागदांशिवाय दिलेली गाडी आरटीओच्या दप्तरी तुमच्याच नावावर राहते. तिचा नंबर किंवा चासी पुढे कुठे वापरली गेली, तर चौकशी तुमच्या दारात येते.
• सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट जपून ठेवा आणि नोंदणी रद्द झाल्याची खात्री करून घ्या.

अमेरिकेत योजना जेमतेम महिनाभर चालली, पण जाम केलेली इंजिनं पुन्हा सुरू होणार नव्हती. भारतात निदान खासगी गाडीच्या बाबतीत तरी निर्णय अजून मालकाच्या हातात आहे. तो घेण्याआधी गाडीचं वय बघा, पण तिचं मीटर, मायलेज आणि धुराचा रिपोर्टही बघा.