समुद्राच्या गाजेचा रंग कोणता? आवाजातून रंग काढणारं कोडिंग कसं चालतं

मालवणच्या बंदरावर कान देऊन उभं राहिलं की किल्ल्याकडे निघालेल्या होडीचं इंजिन, मासळीच्या लिलावातली बोली, कावळे आणि या सगळ्यामागे न थांबणारी लाटांची गाज ऐकू येते. हे आवाज फोनच्या माइकने टिपून त्याच क्षणी स्क्रीनवर रंग म्हणून उमटवता येतात. त्यासाठी वीस-पंचवीस ओळींचा कोड पुरतो. कोडमधून चित्र, ध्वनी किंवा हालचाल निर्माण करण्याच्या या प्रकाराला क्रिएटिव्ह कोडिंग म्हणतात.

सिंधुदुर्गाला चित्र आणि आवाजाची जोडी नवी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलाकार चित्रकथी सादर करतात. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. फरक इतकाच, की तिथे आधी चित्र असतं आणि त्यावरून गाणं-कथा पुढे जाते. इथे उलटं आहे.

यासाठीची साधनं मोफत आहेत. केसी रियास आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये एमआयटी मीडिया लॅबमध्ये ‘प्रोसेसिंग’ सुरू केलं. त्याच धर्तीवर लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ मध्ये ब्राउझरसाठी ‘पी५.जेएस’ आणलं.

आवाजाचा रंग होतो कसा?

आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. फोन ते सेकंदाला साधारण ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजतो. मग फूरिये रूपांतर नावाचं गणित, मिसळलेली डाळ निवडावी तसं, खर्ज आणि तीव्र आवाज वेगळे करतं. पी५मध्ये प्रत्येक पट्ट्याचा जोर ० ते २५५ असा मिळतो. योगायोग असा, की स्क्रीनवरच्या रंगातले लाल, हिरवा, निळा हे घटकही ० ते २५५ मध्येच लिहितात. आकडा उचलून रंगात टाकला की काम झालं, असं वाटणं साहजिक आहे.

पण खर्जाला लाल द्यायचा की निळा, हे निसर्गाने ठरवलेलं नाही. न्यूटननेही प्रकाशाचे सात रंग सप्तकाशी जुळवून पाहिले होते. हिशेब मांडला तर ४४० हर्ट्झचा स्वर ४० वेळा दुप्पट केल्यावर नारिंगी प्रकाशाची फ्रिक्वेन्सी येते. मात्र कानाला २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे सुमारे दहा सप्तकं ऐकू येतात, तर डोळ्याला प्रकाशाचं एक सप्तकही पुरतं दिसत नाही. जुळणी होणार कशी? त्यामुळे नियम कोड लिहिणाराच ठरवतो.

नियम चुकला तर?

पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी सेवा बंद असते. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. इंजिनं गप्प, पण समुद्र खवळलेला. अशा वेळी ‘जितका मोठा आवाज तितका गडद लाल’ असा नियम लावला, तर जुलैचं चित्र मे महिन्यापेक्षा लाल येऊ शकतं. ते कुणी ‘मालवणचं ध्वनिप्रदूषण’ म्हणून शेअर केलं, तर कोडमध्ये एकही चूक नसताना लोकांपर्यंत खोटी गोष्ट पोहोचेल.

यावर उपाय आहे. इंजिनाची ऊर्जा ठरावीक फ्रिक्वेन्सींवर गोळा होते, फुटणाऱ्या लाटेची बऱ्याच पट्ट्यांत पसरते. म्हणून जोराबरोबर पसरटपणाही मोजायचा आणि त्याला वेगळा रंग द्यायचा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीचे मायकल टाउसी आणि सहकारी जंगलातल्या रेकॉर्डिंगसाठी असंच करतात. आवाजाचे तीन वेगवेगळे निर्देशांक काढून ते लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांत भरतात. एका मिनिटाची एक उभी रेघ, म्हणजे पूर्ण दिवसाच्या १,४४० रेघा. पहाटेचा पक्ष्यांचा कलकलाट, रातकिड्यांची रात्र, पाऊस हे सगळं एका चित्रात ओळखू येतं. चोवीस तासांचं रेकॉर्डिंग ऐकत बसायची गरज पडत नाही.

करून बघायचंय?

आधी एक खोच लक्षात घ्या. फोन बोलण्यासाठी बनवलेला आहे, त्यामुळे ब्राउझर बहुतेकदा माइकवर नॉइज सप्रेशन आणि आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी सोय आधीच चालू ठेवतो. त्याच्या लेखी समुद्राची गाज म्हणजे पुसून टाकायचा कचरा! या दोन्ही सोयी कोडमधून बंद करायची विनंती करता येते. तसं केलं नाही, तर चिवला बीचवर उभं राहूनही स्क्रीन फिकीच राहील. वारा थेट माइकवर आदळला तर उलटा त्रास, सगळा खर्ज वाऱ्याचाच. फोनला पाठ देऊन उभं राहा, माइकवर स्पंजचं टोपण लावा.

पेज ‘एचटीटीपीएस’वर नसेल तर ब्राउझर माइक देणारच नाही, आणि कोड सुरू व्हायला स्क्रीनवर एकदा टॅप करावं लागतं.

मोकळ्या किनाऱ्यावर मूळ रेकॉर्डिंगही जपा, कारण उद्या नियम बदलायचा झाला तर रंगांतून आवाज परत मिळत नाही. लिलावाच्या ठिकाणी मात्र फक्त मिनिटागणिक आकडे साठवलेले बरे. तिथे लोक भाव करतात, भांडतात, घरचंही बोलतात. मिनिटाच्या एका रेघेतून कोण काय बोललं ते कुणालाच काढता येणार नाही.