हिरव्या रेषेची साक्ष

मध्यम वस्तुमानाचा तारा मरणपंथास लागला म्हणजे आपलीं बाह्य आवरणें अंतराळांत सोडून देतो. मागें उरलेल्या तप्त गाभ्याच्या किरणांनीं तो वायु उजळतो. दुर्बिणींतून त्याचें रूप ग्रहबिंबासारखें वाटोळें दिसलें, म्हणून अठराव्या शतकांत विल्यम हर्शेल यांनीं त्यास ग्रहाचें नांव जोडलें. ग्रहांशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. पण 'ग्रहीय अभ्रिका' हें नांव कायम झालें.

29 ऑगस्ट 1864 रोजीं लंडननजीक टल्स हिल येथें विल्यम हगिन्स यांनीं कालेय तारकासमूहांतील अशा एका अभ्रिकेकडे वर्णपटदर्शक वळविला. ताऱ्यासारखा सलग रंगीत पट्टा दिसावा ही अपेक्षा. दिसल्या त्या मोजक्या तेजस्वी रेषा. अभ्रिका वायुरूप आहे हें त्या रात्रीं ठरलें. परंतु सर्वांत ठळक हिरवी रेषा पृथ्वीवरील कोणत्याच मूलद्रव्याशीं जुळेना. तेव्हां 'नेब्युलियम' नांवाचें नवें द्रव्य कल्पिलें गेलें. अखेर 1927 सालीं अमेरिकेंत आयरा बोवेन यांनीं उलगडा केला : ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. पृथ्वीवरील दाट वायूंत अणूंच्या टकरींमुळें ती उमटूं शकत नाहीं. अंतराळांतील अतिविरळ वायूंत उमटते.

ज्या रेषेनें शास्त्रज्ञांना चकविलें, तीच पुढें त्यांचें साधन झाली. लंबवर्तुळाकार दीर्घिका म्हणजे बहुतांशीं वृद्ध ताऱ्यांची वस्ती. अंतर फार असल्यानें तेथील सामान्य ताऱ्यांचा प्रकाश एकवटूनच आपणांकडे येतो. अभ्रिका मात्र आपल्या तेजाचा मोठा वांटा या एकाच रेषेंत ओतते. म्हणून केवळ हिरवा प्रकाश सोडणारी गाळणी लावून एक व शेजारच्या रंगाची लावून दुसरें, अशीं दोन छायाचित्रें घेतात. पहिल्यांत दिसणारा व दुसऱ्यांत लोपणारा ठिपका ती अभ्रिका. 1970 नंतरच्या दशकांत फोर्ड व जेनर यांनीं देवयानी दीर्घिकेच्या एम 32 आदि सोबत्यांत त्या अशाच हुडकल्या.

हुडकण्याहून मापणें कठीण. रेषेचें तेज द्रव्याच्या प्रमाणाइतकेंच उष्णतामानावरहि अवलंबून असतें. तें उष्णतामान 4363 अँगस्ट्रॉमची दुसरी ऑक्सिजन-रेषा सांगते. पण ती हिरव्या रेषेच्या शंभराव्या हिश्श्याहूनहि मंद. शिवाय ऑक्सिजन वायूस थंड करतो. म्हणून जेथें तो विपुल, तेथेंच ही रेषा अधिक मावळते.

नरतुरंगांतील एनजीसी 5128 ही भव्य दीर्घिका सुमारें 1 कोटी 20 लक्ष प्रकाशवर्षांवर आहे. तेथील 51 अभ्रिकांचे वर्णपट चिलीमधील महादुर्बिणीनें मिळवून वॉल्श व त्यांचे सहकारी यांनीं 2012 सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. ती मंद रेषा त्यांपैकीं कांहींतच सांपडली. तरीहि सरासरी ऑक्सिजन सूर्याहून किंचित् कमी, आणि केंद्रापासून दूर जातांना त्यांत ठळक घट नाहीं, एवढें कळलें.

अशा ताऱ्यांतील ऑक्सिजन बहुतांशीं जन्मकाळींच मिळालेला असतो. त्यामुळें मरणाऱ्या ताऱ्याचा हा वायु मूळ मेघाचीच साक्ष देतो. आणि ती साक्ष एका क्षीण रेषेवर तोलली जाते.