दोन पडद्यांची साक्ष

जुने यंत्र बिघडलेले आढळले की त्याचा दोष कर्त्याच्या माथी मारावयाचा, ही मनुष्यस्वभावाची सहज प्रवृत्ती आहे. सोव्हिएट संघात तयार झालेल्या जुन्या अंतरमापक कॅमेऱ्यांना हा अन्याय विशेष सोसावा लागला आहे. त्यांचे शटर अडखळले, की ‘माल मुळातच हलका’ असा निकाल देऊन लोक मोकळे होतात. परंतु हे शटर नेमके कशाने बिघडते याचा शोध घेऊ लागले असता तो निकाल पुन्हा तपासून पाहणे अवश्य वाटते.

या कॅमेऱ्यांचा मूळ पुरुष जर्मन होय. ऑस्कर बार्नाक याच्या कल्पनेतून उतरलेला लायका १९२५ साली लाइप्झिगच्या जत्रेत लोकांपुढे आला व १९३२ साली त्यास अंतरमापकाची जोड मिळाली. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, म्हणजे १९३४ साली, त्याची प्रतिकृती युक्रेनमधील खारकोव्ह येथे नियमितपणे तयार होऊ लागली. ती करणारे हात कोणाचे होते? यादवी युद्धाने व १९२१-२२ च्या दुष्काळाने त्या मुलखात लक्षावधी मुले निराधार झाली होती. अशा मुलांसाठी १९२७ साली खारकोव्हनजीक एक श्रमवसाहत निघाली आणि शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको यांनी तिची धुरा वाहिली. शाळा व कारखाना ही तेथील जीवनाची दोन अंगे होती. वसाहतीस नाव मात्र फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की या सोव्हिएट गुप्त पोलिसांच्या पहिल्या अधिपतीचे! त्याच्याच आद्याक्षरांवरून कॅमेऱ्यास ‘फेड’ हे नाव पडले. पुढे १९४८ पासून मॉस्कोजवळील क्रास्नोगोर्स्क येथे त्याच घडणीचा ‘झोर्की’ निघू लागला.

या दोहोंच्या शटरात रबर चढविलेल्या काळ्या कापडाचे दोन पडदे असतात. कळ दाबताच पहिला पडदा सरकून फिल्म उघडी करतो; ठरलेल्या अवधीनंतर दुसरा त्याच्या मागोमाग धावून ती झाकतो. सेकंदाच्या पाचशेव्या भागासारखा मोठा वेग असला, तर पहिला पडदा पलीकडे पोचण्यापूर्वीच दुसरा निघतो आणि दोहोंमधील अरुंद फट फिल्मवरून सरकत जाते. दोघांची चाल जुळली तरच सर्व चित्रास सारखा प्रकाश मिळतो.

तेव्हा रोगाची परीक्षा करणे फारसे अवघड नाही. एकसारखा उजेड पडलेली पांढरी भिंत निवडावी व प्रत्येक वेगाने तिचे एकेक चित्र घ्यावे. मोठ्या वेगाच्या चित्राची एक बाजू उत्तरोत्तर काळवंडत गेली असेल, तर पहिला पडदा रेंगाळत असून दुसरा त्यास वाटेतच गाठीत आहे, असे समजावे. उलट तीच बाजू अधिकाधिक उजळत गेली असेल, तर रेंगाळणारा दुसरा होय. चित्रावर बारीक पांढरे ठिपके उमटले, तर रबरास चिरा पडल्या आहेत, किंवा उघडे भिंग सूर्यासमोर राहिल्यामुळे पडद्यास भोक पडले आहे.

उपचारात मात्र घाई घातक ठरते. पडदा रेंगाळताच स्प्रिंगेचा ताण वाढविण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु बहुधा अपराध स्प्रिंगेचा नसून रुळांवर कित्येक दशके सुकून चिकट झालेल्या वंगणाचा असतो. ते न काढता ताण वाढविणे म्हणजे थकलेल्या बैलास पराणी टोचणे होय. प्रथम सफाई, नंतर नवे वंगण अत्यल्प, आणि ताण सर्वांत शेवटी, हाच क्रम योग्य. वेगाची तबकडी फिरविण्यापूर्वी शटरास चावी द्यावी, हा या कॅमेऱ्यांचा नियम. तो न पाळल्याने वेग चुकीचा लागतो, आणि मंद वेगांची योजना असलेल्या झोर्कीत तर आतील भागांस इजाही पोचू शकते.

त्याच देशातील ‘कीव्ह’ या कॅमेऱ्याची प्रकृती निराळी. युद्धाची भरपाई म्हणून जर्मनीतून आणलेल्या यंत्रसामग्रीवर १९४७ च्या सुमारास तो कीव्ह येथील आर्सेनल कारखान्यात निघू लागला. कॉन्टॅक्सच्या धर्तीवरील त्याचे शटर धातूच्या अरुंद पट्ट्यांचे असून वरून खाली धावते, व त्या पट्ट्या रेशमी फितींवर तोललेल्या असतात. तेथे शटर अकस्मात बंद पडले, तर आधी फीत तपासावी. तुटले असेल ते बहुधा रेशीम, धातू नव्हे.

सारांश, घडणीचा दोष, काळाचा दोष आणि वापरणाऱ्याचा दोष हे तीन निरनिराळे आहेत. कारखान्यातून निघालेली सर्वच यंत्रे निर्दोष होती असे नव्हे; पण सुकलेले वंगण, चिरलेले रबर आणि अडाणी दुरुस्ती यांचा हिशेब त्या कारागिरांच्या नावे मांडता येत नाही. गुप्त पोलिसांच्या अधिपतीचे नाव अंगावर वागविणाऱ्या त्या फेड कॅमेऱ्याने त्या राज्यकारभाराची तरफदारी करण्याचे कारण नाही. परंतु ज्या मुलांस जगाने रस्त्यावर टाकले होते, त्यांनी सेकंदाचा पाचशेवा भाग मोजणारे यंत्र घडविले, ही गोष्ट खरी आहे. जुना फेड उघडून, साफ करून, पुन्हा जुळविला असता दोन्ही पडदे समान चालीने धावू लागतात, तेव्हा त्या मुलांच्या बाजूने एवढी साक्ष पुरेशी वाटते.