अकरा बत्तीस, पण कुठले?

डिसेंबरात भाचीचं लग्न झालं. मुहूर्त सकाळी ११ वाजून ३२ मिनिटांचा. हल्लीच्या रिवाजाप्रमाणे पत्रिका फोनवरच आली. त्या पानाच्या तळाशी ‘कॅलेंडरमध्ये जोडा’ असं बटण होतं. ते दाबलं की तारीख आणि वेळ आपसूक फोनच्या कॅलेंडरात जाऊन बसते.

न्यू जर्सीतल्या माझ्या धाकट्या भावानेही ते दाबलं. त्याला येणं जमणार नव्हतं, निदान पडद्यावर तरी अंतरपाट दूर होताना बघायचा होता. मामाच तो! ठरल्या वेळी फोन वाजला, हा नवा कुर्ता घालून बसला, आणि लगेच मला फोन, "ताई, मंडपात कुणीच नाही गं!" त्याचे सकाळचे ११:३२ झाले होते, म्हणजे आमचे रात्रीचे १०:०२. वऱ्हाड कधीच परतलं होतं.

घड्याळ बघायला तोच चुकला, असं मला वाटलं. पण नातवाने ती बटणामागची फाइल उघडून दाखवली. साधा दहा-बारा ओळींचा मजकूर. त्यात तारीख होती, वेळ होती, पण ती वेळ कुठली याचा उल्लेखच नव्हता.

मग या फायलीचा इतिहास शोधत बसले. (मास्तरकी सुटली तरी खोड सुटत नाही!) पूर्वी प्रत्येक कंपनीची संगणकावरची डायरी वेगळी, एकीची नोंद दुसरीला कळायची नाही. म्हणून ॲपल, एटीअँडटी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या ‘व्हर्सिट’ या गटाने १९९६ साली ‘व्हीकॅलेंडर’ नावाची एक सामाईक लेखनपद्धत काढली. तिच्यावरून नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘आयकॅलेंडर’ हे मानक आलं. ते लिहिणारे दोघे, लोटसचे फ्रँक डॉसन आणि मायक्रोसॉफ्टचे डेरिक स्टेनरसन. म्हणजे दोन स्पर्धक कंपन्यांची माणसं! सप्टेंबर २००९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. पहिला आयफोन २००७ चा, म्हणजे ही फाइल त्याच्याहून जुनी.

या मानकात वेळ तीन तऱ्हांनी लिहिता येते. शेवटी ‘झेड’ अक्षर असेल तर ती जागतिक प्रमाणवेळ. ‘एशिया/कोलकाता’ असं क्षेत्राचं नाव जोडलं तर ती भारतीय वेळ. दोन्ही नसेल तर ती तरंगती वेळ, वाचणारा जिथे असेल तिथली. ही तिसरी तऱ्हा काही चूक म्हणून राहिलेली नाही. सकाळी आठची गोळी कुठल्याही देशात सकाळी आठलाच घ्यायची असते, अशा नोंदींसाठी ती मुद्दाम ठेवलेली आहे. पण मुहूर्त तरंगता असून कसं चालेल?

हा घोळ आपल्याला नवा नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईने आपला ‘बॉम्बे टाइम’ सोडला नाही. तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि तो पुरता जायला १९५५ साल उजाडलं. तोवर मुंबईत कुणी ‘अकराला या’ म्हटलं, की ‘कुठल्या अकराला?’ हे विचारणं भाग होतं. पंचांगातसुद्धा सूर्योदय कुठल्या गावाचा, हे छापलेलं असतं. आपल्या जुन्या लोकांना कळत होतं, की वेळेलाही गाव असतं.

ज्याने ते पान बनवलं त्याने गाव लिहिलं नाही, कारण त्याच्या डोळ्यांसमोर सगळी गावातलीच माणसं होती. पण आता घरोघरी एखादा तरी मामा सातासमुद्रापार असतो.

असो. पुढच्या महिन्यात आमच्याकडे मुंज आहे. पानाखालच्या त्या फायलीत क्षेत्राचं नाव आहे ना, हे नातवाकडून आधीच बघून घेतलंय. शिवाय मुहूर्तापुढे ‘भारतीय वेळेनुसार’ असं मीच लिहायला लावलंय. भावाला रात्री जागावं लागेल खरं, पण तो म्हणतो, "जागेन गं ताई!"