अहमदनगरचा किल्ला, नियम २६ आणि सहा दिवसांचा विजय

अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्याचे नाव निघाले की नेहरू आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ आठवतात. आजचा धागा मात्र ग्रंथाचा नाही, कायद्याचा आहे.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा सदस्यांना विशेष रेल्वेगाडीने नगरला आणून किल्ल्यात ठेवले गेले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, नरेंद्र देव, शंकरराव देव हे त्यांपैकी होत. आरोपपत्र नाही, खटला नाही, मुदतही नाही. एप्रिल १९४३ मध्ये आझादांच्या पत्नी कलकत्त्यात निवर्तल्या, तेव्हा आझाद याच किल्ल्यात होते.

त्या वर्षांत असंख्य लोक भारत संरक्षण नियमांतील नियम २६ खाली स्थानबद्ध झाले. या अटकेला आव्हान देता येत होते का? होय, निदान कागदावर. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४९१ नुसार उच्च न्यायालयाला बेकायदा कैदेतील माणसास मुक्त करता येई. हेच आपले हेबिअस कॉर्पस, म्हणजे बंदीप्रत्यक्षीकरण.

मुंबई उच्च न्यायालयातून असेच एक प्रकरण दिल्लीच्या फेडरल कोर्टापुढे गेले : केशव तळपदे विरुद्ध बादशहा. पाठ्यपुस्तकांत हे नाव सहसा सापडत नाही, याची मला खंत वाटते. मुद्दा बारीक होता. मूळ कायद्याने ज्याच्यावर ‘वाजवी संशय’ आहे अशालाच स्थानबद्ध करण्याचे नियम करण्यास मुभा दिली होती. नियम २६ ला मात्र केवळ ‘सरकारची खात्री’ पुरेशी होती. संशय वाजवी आहे की नाही, हे निदान विचारता येते. खात्रीला कोण काय विचारणार? २२ एप्रिल १९४३ रोजी सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या न्यायालयाने नियम २६ कायद्याच्या मर्यादेबाहेरचा ठरविला. महायुद्ध ऐन भरात असताना साम्राज्याच्याच न्यायालयाने हे सांगावे, ही साधी गोष्ट नव्हती.

किल्ल्याचे दरवाजे मात्र उघडले नाहीत. २८ एप्रिलला व्हाइसरॉयने वटहुकूम काढून मूळ कायद्याचे शब्दच पूर्वलक्षी प्रभावाने बदलले. नियम आपोआप वैध ठरला. सारे सहा दिवसांत! १९४४ च्या वटहुकमाने स्थानबद्धाला कारणे कळविण्याची सोय केली खरी, पण कलम ४९१ ची वाट बव्हंशी बुजवून टाकली. नेहरू सुटले ते १५ जून १९४५ रोजी, राजकीय निर्णयाने.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये अटकेतील व्यक्तीला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याचे बंधन आले. त्याच अनुच्छेदाने प्रतिबंधक स्थानबद्धतेला त्या बंधनातून वगळले, हे विसरू नये.

आणि एक विलक्षण योगायोग. आणीबाणीत मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकण्याजोगे मानले होते; सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो दरवाजा बंद केला. निकालाची तारीख होती २८ एप्रिल १९७६. तो निकाल पुसला जायला २०१७ साल उजाडले.